नवीन घेतलेली जुनी गाडी : वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही

पाटलीपाडा_सिग्नल (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी सेकंडहॅण्ड हॅचबॅक घेतली. २०१७ चं मॉडेल, पेट्रोल, ५४ हजार किलोमीटर, एमएच ०५ पासिंग, पहिलाच मालक. डोंबिवलीचे एक निवृत्त काका, गाडी फार जपलेली. सर्व्हिसची सगळी बिलं तारीखवार फाईलला लावून दिली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की इथे स्टिअरिंग बाजूला राहतं आणि पत्रा जाड की पातळ यावर दोन पानं होतात.

त्रास असा आहे. घोडबंदर रोडला पाटलीपाड्याच्या पुलाखालून यू-टर्न मारला की स्टिअरिंग वळलेलंच राहतं. हात सैल केला तर अर्ध्यापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं, उरलेलं हाताने आणावं लागतं. सरळ रस्त्याला ६०-७० च्या वेगात गाडी किंचित डावीकडे जायला लागली म्हणून उजवीकडे जरासं दिलं, तर ते तिथेच बसतं. मग गाडी उजवीकडे निघते, मग मी डावीकडे. ऐरोलीला ऑफिसात पोचेपर्यंत खांदे भरून येतात.

जड नाहीये हं. पार्किंगमध्ये एका हाताने फिरतं. पुरण शिजलं की त्यात उलथनं उभं राहतं ना, तसं आहे. जिथे ठेवाल तिथे उभं.

आतापर्यंत अलाइनमेंट दोनदा झालं, दोन वेगळ्या दुकानांत. दोघांनी ‘आता ओके’ म्हणून पैसे घेतले. सोसायटीखालच्या मेकॅनिकने एक राऊंड मारून ‘साहेब, इलेक्ट्रिक स्टिअरिंग असंच असतं’ असं सांगितलं. मीटरमध्ये कुठलाही दिवा लागलेला नाही, डॅशबोर्डचा फोटो टाकलाय. बायकोचं मत : तुला जुन्या गाडीची सवय आहे. जुनी गाडी २००६ ची, पॉवर स्टिअरिंग नसलेली, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच खोडून काढता येत नाही.

काकांना विचारलं, त्यांना कधी असं जाणवलं नाही म्हणतात. मागच्या दिवाळीत खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड यायची, ती ओळखीच्या मेकॅनिकने दोनशे रुपयांत घालवली, त्यापलीकडे गाडीला हात लावावा लागला नाही म्हणे.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत की खरंच काही आहे?

सानपाडा_लोकल | रविवार, रात्री ११.०५

आधी हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असेल, त्यावरचा आकडा बघा आणि गाडी थंड असताना मोजा. पंक्चरवाल्याला ‘हवा भर’ एवढंच सांगितलं तर तो स्वतःच्या आवडीचा आकडा भरतो.

कोलशेत_खाडी | रविवार, रात्री ११.२०

डावीकडे थोडी जाणारच. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो. घोडबंदरचा उतार मात्र कुठल्या दिशेला आहे हे फक्त पावसाळ्यात कळतं.

खारघर_टेकडी | रविवार, रात्री ११.३५

गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरले का? विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तीन आठवडे झाले म्हणताय म्हणून विचारलं. स्टिअरिंगचं चालू द्या.

पाटलीपाडा_सिग्नल | सोमवार, रात्री ९.१०

@खारघर_टेकडी, भरले.

@सानपाडा_लोकल, सकाळी मोजली. चारही चाकांत ४२! स्टिकरवर पुढे ३३ आहे. कमी करून घेतली. दणके एकदम कमी झाले, गाडी शहाण्यासारखी बसते आता. उलथनं मात्र उभंच.

नट_बोल्ट_आणि_मी | सोमवार, रात्री १०.३०

धागाकर्त्यांनी ‘जड नाहीये’ हे वेगळं सांगितलं, बरं केलं. जड असणं आणि परत न येणं हे दोन निराळे आजार आहेत आणि निम्मी गॅरेजं दोन्हींवर एकच औषध देतात : अलाइनमेंट.

स्टिअरिंग परत का येतं ते आधी बघू. लहानपणी हात सोडून सायकल चालवलीत ना? पुढचा फोर्क थोडा तिरका असतो, त्याचा अक्ष खाली जमिनीला जिथे टेकेल त्याच्या थोडं मागे चाक टेकलेलं असतं. म्हणून चाक सायकलच्या मागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ होतं. गाडीतही तेच. या तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. त्याशिवाय वळताना टायर स्वतः थोडा पिळतो आणि सुटायला बघतो, त्याचाही जोर मिळतो. (हवा फार जास्त असली की टायरचा रस्त्यावरचा ठसा आखूड होतो आणि हा जोर घटतो. तेव्हा ४२ वरून ३३ वर आलात ते योग्यच, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही.)

आता गंमत इथे आहे. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा कॉलममधला (स्टिअरिंगखालच्या दांड्यातला) सेन्सर तुमच्या हाताचा जोर मोजतो आणि मोटर मदतीला येते. मध्ये कुठे काही घासत असेल तर ते घासणंही मोटरच सोसते, तुम्हाला पत्ता लागत नाही. हात सोडलात की सेन्सरच्या लेखी तुमचा जोर शून्य. काही गाड्यांत परत आणायला मोटर थोडा हात लावते, पण मुख्य काम चाकांनीच करायचं असतं. चाकांनी टायरॉड (चाकांना जोडलेले दांडे) ढकलायचे, त्यांनी रॅक (दोन टायरॉडमधला दातेरी आडवा दांडा), रॅकने कॉलम आणि कॉलमने मोटरसुद्धा. वाटेत कुठेही घर्षण वाढलं की हा उलटा प्रवास अर्ध्यात थांबतो.

म्हणजे पार्किंगमध्ये हलकं आणि परत येताना आळशी, हे एकाच गाडीत सुखाने नांदू शकतं. मनाचे खेळ वाटत नाहीत मला.

घर्षण कुठे असेल? वरून खाली या. स्टिअरिंग कॉलम आणि त्यावरची मोटर. पेडलजवळ खाली जाणारा छोटा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस जॉइंट. मग रॅक. मग टायरॉड एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि सगळ्यात वर, बॉनेट उघडल्यावर दिसतं ते स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरच्या खांबाचं) माउंटिंग, त्यातलं बेअरिंग. शेवटचं घरी तपासता येतं. एकाने गाडी उभी असताना स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर नुसता हात ठेवायचा. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पिळली जाते आणि मग ‘टण्ण’ करून सुटते. हाताला स्पष्ट कळतं.

शिवाय एक सांगा. फिरवताना ते घट्ट-सैल-घट्ट-सैल असं लागतं का? एका पूर्ण वळशात दोनदा घट्ट लागलं तर क्रॉस जॉइंटवर संशय. सगळीकडे सारखंच चिकट असेल तर दुसरीकडे बघू.

आणि अलाइनमेंटचा कागद असेल तर इथे टाका.

ऐरोली_गेट | सोमवार, रात्री १०.४५

वा! हे वाचून मी खाली जाऊन माझ्या गाडीच्या स्प्रिंगवर हात ठेवून आलो. वॉचमन बघत होता.

वर्षाऋतू | सोमवार, रात्री ११.१५

मला वेगळीच शंका येते आहे, राग मानू नका. एमएच ०५ म्हणजे कल्याण आरटीओ. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर सगळं त्यात आलं. गाडी २०१७ ची. २७ जुलै २०१९ आठवतोय का? वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो दिवस. बदलापुरात त्या दिवशी कितीतरी गाड्या बुडाल्या. माझ्या चुलतभावाची त्यातच गेली. पाण्यात राहिलेल्या गाडीत पेडलजवळचा तो क्रॉस जॉइंट गंजतो, आणि रॅकच्या टोकांची रबरी बुटं फाटलेली असतील तर पाणी थेट रॅकमध्ये.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का. स्टेपनी काढा, तिच्या खळग्याच्या कडा बघा. सीटखालच्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट बघा. गाडी धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही.

पाटलीपाडा_सिग्नल | मंगळवार, रात्री ९.५०

काल रात्री वर्षाऋतू ताईंचं वाचून झोप लागली नाही. आज सकाळी टॉर्च घेऊन अर्धा तास गाडीत उलटा-सुलटा होतो. सीटबेल्ट टोकापर्यंत स्वच्छ. स्टेपनीच्या खळग्यात एक जुनं मराठी दिनदर्शिकेचं पान आणि कोरडी धूळ. सीटच्या पट्ट्या ठीक, एका बोल्टवर किरकोळ गंज. संध्याकाळी फाईलही चाळली. २०१९ च्या ऑगस्टची सर्व्हिस नेहमीचीच, ऑइल आणि फिल्टर. काकांची सोसायटी उंचावर आहे म्हणे. पाण्याची शंका मी मिटवली.

स्प्रिंग : बायकोने स्टिअरिंग फिरवलं, मी हात ठेवला. दोन्ही बाजूंना गुळगुळीत, टण्ण नाही.

घट्ट-सैल असं काही नाही, सगळीकडे सारखंच चिकट. फक्त सरळ असताना, अगदी मधोमध, एक बारीकसा खळगा असल्यासारखं वाटतं. तिथे जरा मोकळं, बाजूला गेलं की चिकट. हे आज मुद्दाम लक्ष दिलं म्हणून कळलं, नाहीतर आधी जाणवलं नव्हतं.

अलाइनमेंटचा कागद : टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली) दोन्हीकडे हिरवा, म्हणजे मर्यादेत. कॅस्टर डावा ३.१, उजवा ३.३, तोही हिरवा.

आजोबा_गिअर | मंगळवार, रात्री १०.२०

आमच्या वेळी पॉवर स्टिअरिंग म्हणजे दंड. त्यानंतर तेलाचं आलं, त्याला निदान रस्ता कळायचा. आता इलेक्ट्रिक. १९८८ साली जपानात सुझुकीने सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत पहिल्यांदा बसवलं, हेतू एवढाच की छोट्या इंजिनावर तेलाच्या पंपाचं ओझं नको. छोट्या गाडीची सोय होती, ती आता सगळ्यांच्या गळ्यात. तुमच्या मेकॅनिकचं अर्धं खरं आहे : इलेक्ट्रिक बोथट असतं. पण बोथट सुरीसुद्धा पोळपाटाला चिकटून बसत नाही.

नट_बोल्ट_आणि_मी | मंगळवार, रात्री १०.४०

@आजोबा_गिअर, दंडवत.

कागदाबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो कमीजास्त करता येतो. कॅम्बर (चाकाचा आडवा कल) आणि कॅस्टर कारखान्यातून येतात तेच. त्यामुळे अलाइनमेंटवाल्याने ‘कॅस्टर सेट केला’ म्हटलं तर हसून पैसे द्यावेत. पण कॅस्टरचा आकडा उपयोगाचा असतो. तो बाहेर गेला तर लोअर आर्म, स्ट्रट किंवा खालची फ्रेम वाकलेली, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. तुमचे दोन्ही आकडे जवळजवळ आहेत. फक्त एक आठवा : मापताना त्याने चाकं मुद्दाम डावीकडे-उजवीकडे फिरवून घेतली होती का? तसं केल्याशिवाय कॅस्टर खरा मोजला जात नाही, मशीन मागचाच आकडा दाखवतं.

पाटलीपाडा_सिग्नल | मंगळवार, रात्री १०.५५

दुसऱ्या दुकानात फिरवून घेतली होती. मला वाटलं मुलगा खेळतोय.

नेरुळ_सेक्टर_पन्नास | मंगळवार, रात्री ११.३०

मी इथे फक्त वाचायला येतो. पण वर्णनावरून माझ्याकडे तुमच्याच मॉडेलची गाडी असावी, फोटोतल्या डॅशबोर्डवरून ओळखली. माझी २०१८ ची, नवी घेतलेली, ६१ हजार किमी. रविवारी सकाळी साडेसहाला या. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर आलटून पालटून चालवू. मनाचे खेळ की गाडीचे, अर्ध्या तासात निकाल. चहा माझ्याकडे.

कोलशेत_खाडी | मंगळवार, रात्री ११.४०

हा खरा प्रतिसाद. बाकी आपण सगळे तोंडाची वाफ.

पाटलीपाडा_सिग्नल | रविवार, सकाळी १०.१५

जाऊन आलो. मोराज सर्कलपासून किल्ले जंक्शनपर्यंत पामबीच रोडने दोन फेऱ्या, मग परत येऊन नेरुळच्या आतल्या रिकाम्या रस्त्यांवर यू-टर्न. कॅमेऱ्यांना मान देत वेग मर्यादेत ठेवला.

त्यांच्या गाडीत बसलो आणि पहिल्याच वळणाला लाज वाटली. तीन आठवडे मी काय सहन करत होतो! स्टिअरिंग हातातून आपोआप सरकत सरळ होतं. त्यांनी माझी चालवली, शंभर मीटरवर जाऊन थांबले आणि म्हणाले, ‘अहो, हिला काय झालंय?’

आणखी एक कळलं. दोन्ही गाड्या डावीकडे साधारण सारख्याच जातात. त्यांच्या गाडीत बोटाने सावरता येतं, माझ्यात सावरलेलं तिथेच राहतं. म्हणजे ओढण्याची तक्रार मी मागे घेतो, तो रस्त्याचा उतार.

चहाबरोबर पोहेही मिळाले. वहिनींना धन्यवाद. आता पुढे काय?

पान्हा_चौदा_पंधरा | रविवार, सकाळी ११.००

आख्खा धागा आत्ता वाचला. मी सतरा वर्षं सस्पेंशनचंच काम केलं, आता तुर्भ्याला पार्ट्सच्या धंद्यात आहे.

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर आहे आणि आठवडाभर कोणी त्याला हात लावला नाही. ‘खडखड दोनशे रुपयांत घालवली.’

दोनशे रुपयांत खडखड जात नाही. लिंक रॉड असला तरी जोडीचे पैसे लागतात. पार्ट न घालता जाणारी खडखड एकच, रॅकची. रॅकच्या खालच्या अंगाला एक मोठा आटेवाला बुच असतो, आत स्प्रिंग आणि आधाराचा तुकडा, तो रॅकला पिनियनवर (शाफ्टच्या टोकाच्या दातेरी चाकावर) दाबून धरतो. रॅक झिजला की खड्ड्यात तो उडतो, खडखडतो. बुच आवळला की आवाज बंद, पाच मिनिटांचं काम. आमच्यात ‘रॅक टाइट करणं’ म्हणतात. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. थोडासा आवळला तर चालून जातं. जोर काढला की हेच होतं.

आणि तुमचा तो मधला खळगा. गाडी आयुष्यभर जास्तीत जास्त सरळ चालते, म्हणून रॅकचे दात मधोमध सगळ्यात जास्त झिजतात. मधला प्ले (ढिलेपणा) जाईपर्यंत बुच आवळला तर न झिजलेल्या बाजू जखडतात. मध्ये मोकळं, बाजूला चिकट.

बघितल्याशिवाय शंभर टक्के म्हणणार नाही. पण गॅरेजवाल्याला सांगा, सुरुवात तिथून कर.

वर्षाऋतू | रविवार, सकाळी ११.१०

आणि मी बदलापूर बुडवत बसले.

नट_बोल्ट_आणि_मी | रविवार, सकाळी ११.३०

कबूल. मी ते वाक्य वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो.

तरी थेट बुचाला हात लावू देऊ नका, आधी रॅकच गुन्हेगार आहे हे ठरवा. गाडी लिफ्टवर, इंजिन बंद. चावी फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवायचं आणि हाताने फिरवून बघायचं. मग दोन्ही टायरॉड एंड चाकापासून सोडवायचे. चाकं हाताने सहज डोलली तर माउंटिंग आणि बॉल जॉइंट निर्दोष. मग खालचा शाफ्ट रॅकपासून सोडवायचा. वरचं स्टिअरिंग मोकळं फिरलं तर कॉलम आणि मोटरही सुटली. उरला तो रॅक.

एक ताकीद, आणि ही मेकॅनिकला तोंडावर द्या. शाफ्ट सोडवण्याआधी चाकं सरळ आणि जोडावर खडूची खूण. शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग गरगर फिरवायचं नाही, मधून जेमतेम एक वळसा इकडे आणि एक तिकडे. एअरबॅगची वायर आत गुंडाळलेल्या पट्टीतून येते. रॅकचा अडथळा गेला की स्टिअरिंग कितीही फिरतं आणि ती पट्टी तुटते. मग रॅक राहिला बाजूला, एअरबॅगचा दिवा आणि हॉर्न घेऊन बसाल.

पाटलीपाडा_सिग्नल | शनिवार, रात्री ८.४५

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गॅरेजात आज दुपार घालवली. मालक आधी म्हणाला, ‘इंटरनेटवरून आलात का?’ मी म्हटलं, ‘हो.’ तो म्हणाला, ‘मग बसा समोर.’ स्टूल दिलं, कटिंग मागवली.

क्रमाने केलं. इंजिन बंद, लिफ्टवर : चिकट. टायरॉड सोडले : दोन्ही चाकं एका बोटाने डोलायला लागली, झुल्यासारखी. स्टिअरिंग अजून चिकट. खूण करून शाफ्ट सोडवला : वरचं स्टिअरिंग मोकळं. मी ‘एकच वळसा, एकच वळसा’ ओरडत होतो, तो म्हणाला, ‘साहेब, मला चार मुलं आहेत, मी रोज हेच करतो.’

मग त्याने गाडीखाली बोलावलं. रॅकवर सगळीकडे सात वर्षांची काळी मळी आणि त्या बुचाच्या नटावर मात्र पान्ह्याचे चकचकीत ओरखडे. ते बघून मला पान्हा साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं.

पिनियनला पकड लावून फिरवलं तर हाताला रग लागली. त्याने लॉकनट सैल करून बुच थोडा मागे घेतला, सगळं जोडलं आणि मला एक चक्कर मारून यायला सांगितलं. रोड नंबर १६ च्या पहिल्याच कोपऱ्यावर स्टिअरिंग हातातून परत आलं. आणि दुसऱ्या खड्ड्यात खड् खड् खड्. दिवाळीतली खडखड, व्याजासकट.

सानपाडा_लोकल | शनिवार, रात्री ९.००

म्हणजे काकांनी आवाज दिला आणि स्टिअरिंग घेतलं.

ऐरोली_गेट | शनिवार, रात्री ९.०५

मधला काहीतरी आकडा नाही का, की आवाजही नाही आणि चिकटही नाही?

पान्हा_चौदा_पंधरा | शनिवार, रात्री ९.४०

@ऐरोली_गेट, रॅक चांगला असता तर होता. कंपनीच्या पुस्तकात ठरलेलं असतं, इतक्या जोराने आवळा आणि मग इतके अंश मागे घ्या. गाडीगणिक आकडा वेगळा. पण दातच झिजले असतील तर मध्यासाठी एक आकडा बरोबर असतो आणि बाजूंसाठी दुसरा. बुच तर एकच आहे.

@धागाकर्ते, सैल करून तसंच चालवू नका. जास्त प्ले म्हणजे हायवेला गाडी हातात नाही.

काही जण सांगतील, नुसता बुश (रॅकच्या टोकाला आधार देणारी कडी) बदला. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत पिनियन उजवीकडे, म्हणून रॅकच्या डाव्या टोकाला बुश असतो. तो एकटा झिजला असेल तर बदलून भागतं, स्वस्तात सुटाल. मात्र तुमचं मधलं मोकळेपण दातांचं आहे, त्याला बुश काय करणार? अख्खा रॅक घाला. घाबरू नका, तुमच्या गाडीत मोटर वर कॉलमवर आहे, त्यामुळे खालचा रॅक साधा लोखंडी, विजेचं काही नाही. मोठ्या गाड्यांत मोटर रॅकवरच असते, त्यांचा आकडा ऐकून लोक खुर्ची शोधतात. रीकंडिशन घेऊ नका, त्यात बऱ्याचदा बुश नवा आणि दात तेच.

आजोबा_गिअर | शनिवार, रात्री १०.००

काकांकडून पैसे मागा. गाडी लपवाछपवी करून विकली.

वर्षाऋतू | शनिवार, रात्री १०.१०

काकांना माहीत असतं तर दोनशे रुपयांची गोष्ट स्वतःहून सांगितली असती का?

आजोबा_गिअर | शनिवार, रात्री १०.१५

हेही खरं. मग मेकॅनिककडून मागा.

खारघर_टेकडी | शनिवार, रात्री १०.३०

दोनशेपैकी किती परत मागायचे?

पाटलीपाडा_सिग्नल | गुरुवार, रात्री ९.३०

काम झालं. नवा रॅक ८,६००, मजुरी २,२००, अलाइनमेंट ५००. एकूण ११,३००. टायरॉड हलल्यामुळे अलाइनमेंट करावंच लागलं, आणि स्टिअरिंग सरळ असताना सेन्सरचं शून्यही स्कॅनर लावून पुन्हा ठरवून घेतलं. अलाइनमेंटवाल्याने चाकं डावी-उजवी फिरवली, मी नुसता बघत राहिलो.

आज ऐरोलीला गेलो, आलो. पाटलीपाड्याच्या यू-टर्नला हात सैल केला, स्टिअरिंग स्वतः सरळ झालं. बायको शेजारी होती. ‘हं, हे बरंय,’ एवढंच म्हणाली. सवयीचा विषय दोघांनीही काढला नाही.

जुना रॅक मागून घेतला, गॅलरीत ठेवलाय. मधल्या दातांवरून बोट फिरवलं तर फरक कळतो. फोटो टाकतोय.

काकांना फोन केला. पैसे मागायला नाही, सहज कळवायला. आधी त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, ‘अहो, तो तर पैसेच घेत नव्हता, मी बळेच दोनशे दिले.’ अर्धा खर्च देतो म्हणाले, मी नको म्हटलं. मग जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘माझ्या मेहुण्याच्या गाडीची खडखडही त्यानेच घालवली आहे हो. मीच पाठवलं होतं.’

पान्हा_चौदा_पंधरा | गुरुवार, रात्री ९.५०

मेहुण्यांना निरोप द्या : यू-टर्न मारून हात सैल करा आणि काय होतं ते इथे कळवा. गाडीचं नाव नको.